चौथं कडवं

खोटं बोलणाऱ्या पोराला इंगळी डसते, अशी तीन कडव्यांची कविता सोनारीच्या महांतप्पा मास्तरांनी स्वतः रचून मुलांना शिकवली होती. आज वर्गात निजामाच्या पोलिसांचा अमीन येऊन बसला होता. त्याला मास्तरांचा फरार भाऊ हवा होता.

"तो गावात न्हाय, साहेब," म्हणत मास्तरांनी मुलांना कविता म्हणायची खूण केली.

तीन कडवी झाली. मुलं थांबली नाहीत. त्याच चालीत, एका सुरात पुढं म्हणाली,

"मास्तर खोटं बोलला,
कणगीत भाऊ कोंडला."

धान्याच्या कणगीतलं गुपित मास्तरांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कुणी शिकवलं रे हे?"

"तुमीच की, गुरुजी!" मुलं हसली.

अमीनानं एक पाटी उचलली. मग दुसरी, तिसरी. प्रत्येक पाटीवर तेच कडवं होतं, मास्तरांच्याच वळणदार अक्षरात.