नावावरून काम कळावं

सर्वांसाठी खुलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ओपन सोर्सवाल्यांच्या समितीने भाऊजींना पॅकेजची, म्हणजे लोकांनी लिहून पाठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, नावं तपासायच्या कामावरून काढून टाकलं. भाऊजी मात्र काही घडलंच नाही अशा थाटात रोज सकाळी लॉगिन करून बसतात.

सख्ख्या मेहुण्याच्या पॅकेजची अकरा नावं त्यांनी नाकारली होती. "नावावरून काम कळलं पाहिजे! बायकोचा भाऊ आहेस म्हणून काहीही खपवून घेऊ का?"

"नको, भाऊजी."

मेहुण्याने बारावं नाव थेट समितीकडे धाडलं: 'भाऊजी'. पॅकेजचं काम एकच, येईल ते नाव नाकारायचं. समितीला नावावरून काम कळलं. मग माणूस कशाला हवा?

 

आज भाऊजींनी नियमाप्रमाणे 'भाऊजी'कडेच अर्ज केला: "सदर पॅकेजचे नाव तात्काळ बदलण्यात यावे, ही नम्र विनंती."