नाल्यावरचं वळण

नूरुद्दीननं दोन्ही गाड्यांच्या पुढच्या चाकांवर, टायरच्या कडेला, खडूच्या पट्ट्या ओढल्या आणि हात पँटला पुसले. वळणावर गाडी जितकी कलते तितकं टायर दबतं, आणि तितका खडू पुसला जातो. आरमोरीत पंचवीस वर्षं गॅरेज चालवून अशा बऱ्याच गोष्टी त्याच्या डोक्यात साठल्या होत्या. त्या ऐकायला मात्र गिऱ्हाइकाला कधी वेळ नसे. आज पहिल्यांदाच कुणीतरी मन लावून ऐकत होतं.

एक गाडी सेडान, डिकीवाली, ठेंगणी. दुसरी नव्या धर्तीची उंच एसयूव्ही. दोन्ही नागपूरच्या दलालाकडून एका दिवसासाठी आणलेल्या. धान गिरणी बघणारे श्रीहरीभाऊ त्यातली एक आपल्या पुतण्यासाठी घेणार होते. राजदीपला, म्हणजे पुतण्याला, नुकतंच एकविसावं लागलं होतं. गिरणी त्याच्या वारलेल्या बापाची. काकांनी ती बारा वर्षं सांभाळली आणि आता ती त्याच्या हाती द्यायची वेळ आली होती. पोराला उंच गाडी हवी होती, मिरवायला. काकांचं म्हणणं, रोजचा रस्ता गडचिरोलीचा, जंगलाचा, वळणावळणांचा. गाडी वळणावर पारखूनच घ्यायची. हा पोरगा म्हणजे भावाची एवढी एकच निशाणी उरली आहे, असं ते गॅरेजमध्ये म्हणाले तेव्हा नूरुद्दीनला भरून आलं होतं.

त्याचाही जीव यात अडकला होता. कोणतीही गाडी आली तरी ड्रायव्हर तुझा जिशान, असा शब्द श्रीहरीभाऊंनी दिला होता. जिशान त्याचा मुलगा, वीस वर्षांचा. दोनदा बारावीत आपटलेला, लायसन्स मिळून जेमतेम दोन महिने झालेले. हे काम हातचं गेलं तर तो मामाच्या मागे हैदराबादला जाणार, हे ठरलेलं होतं. नूरुद्दीनच्या बायकोचं, शमसुन्निसाचं, तेव्हापासून जेवणात लक्ष नव्हतं. एकुलता एक लेक डोळ्यांसमोर राहावा, एवढंच दोघांचं मागणं होतं.

नूरुद्दीन आणि श्रीहरीभाऊ आधी सेडान घेऊन नाल्यावरच्या वळणाला गेले. तिथे रस्ता उतरतो, एकदम डावीकडे वळतो आणि उजव्या हाताला वीस फूट खाली दगडी नाला आहे. नूरुद्दीननं चाळीसला वळण घेतलं, मग पन्नासला, मग साठला. गाडी रस्त्याला चिकटून गेली. खडू कडेला जरासा पुसला होता.

मग उंच गाडी. चाळीसला ठीक. पन्नासला आतलं चाक हलकं झाल्याचं नूरुद्दीनला स्टिअरिंगमध्ये कळलं. श्रीहरीभाऊंनी वरची दांडी धरली. खाली उतरून पाहिलं तर बाहेरच्या चाकावरची पट्टी साफ गेली होती. साठला घेऊन बघ, असं श्रीहरीभाऊ म्हणाले, पण नूरुद्दीननं कान पकडले.

"डिकीवालीच घ्या मालक. हे गाडी वाईट नाई, पण हिचं वजन वरतं आहे. हळू चालवली तं काई होत नाई."

"अन् जोरात असली तं?"

"नुसती जोरात असली तरी निघून जाईल. पण वळणाच्या मधातच ब्रेक दाबला अन् स्टिअरिंग फिरवलं, तं मंग पलटी."

"मधात ब्रेक कोण दाबते?"

"नवीन पोट्टे. समोर काई दिसलं का पाय आपोआप जाते. आमचा जिशान बी तसाच करते, किती सांगतलं मी त्याले."

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पोराच्या पोटावर आपणच पाय दिला, असं वाटून त्याचा चेहरा पडला. श्रीहरीभाऊ नाल्याकडे बघत होते. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जिशानचं पक्कं आहे, नूरुद्दीनभाऊ. मले तोच पाहिजे."

इतका मोठ्या मनाचा माणूस नूरुद्दीननं पाहिला नव्हता. घरी येऊन त्यानं शमसुन्निसाला सांगितलं, तेव्हा ती रडली आणि मग पोटभर जेवली.

आठवड्यानं गाडी थेट गिरणीवर आली. सकाळी जिशान नवा शर्ट घालून गिरणीवर गेला. अकराच्या आत राजदीपला घेऊन गडचिरोलीला पोचायचं होतं, रजिस्ट्रारच्या कचेरीत, गिरणीच्या कागदांसाठी. उशीर झाला तर साहेब निघून जाईल, जरा दाबून चालव, असं मालकांनी बजावल्याचं तो सांगून गेला होता. गाडी गिरणीवरून सुटायच्या आधीच नूरुद्दीन त्याच रस्त्यानं लुनावरून सुटे भाग आणायला निघाला.

लाखोळीचं कडधान्य शेतातून निघालं होतं. या दिवसांत लोक पीक डांबरी रस्त्यावर पसरतात. गाड्यांची चाकं वरून जातात आणि मळणी फुकटात होते. पण पसरायचं ते सरळ रस्त्यावर, दुरून दिसेल असं. नाल्यावरचं वळण घेतलं आणि लुनाचं चाक सरकलं. अख्खा रस्ता लाखोळीनं भरला होता, गुडघाभर ढीग होते. श्रीहरीभाऊंच्या शेतावरची गुणाबाई वरून आणखी पेंढ्या टाकत होती.

नूरुद्दीन तिच्यावर खेकसला. अक्कल आहे का, वळणात कुणी पसरतं का? एखादा मरेल. त्यानं लुना टाकली आणि हातांनीच ढीग ओढायला लागला. वरच्या उतारावर हॉर्न वाजला, लांब, दोनदा. वळणाआधी हॉर्न दे, हे त्यानंच जिशानला शिकवलं होतं.

"मले काऊन बोलता भाऊ?" गुणाबाई म्हणाली. "मालकच इथी उभे राहून जागा दाखवून गेले. म्हणे, वळणाच्या आतच टाक, वरून दिसाले नाई पाहिजे. आपली ते नवीन उंच गाडी येऊन राह्यली, तिच्याच चाकाखाली पहिले जाऊ दे."