हातचं जेवण

"पण मला तर साधी कणकणसुद्धा नाही, डॉक्टर!" द्रौपदाबाई म्हणाल्या.

त्यांच्या खानावळीत जेवणारी कॉलेजची मुलं एकापाठोपाठ टायफॉइडनं आडवी झाली होती. पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. जंतू सापडले ते द्रौपदाबाईंच्याच तपासणीत.

"तुमच्या पित्ताशयात लपून बसलेत," डॉक्टरांनी समजावलं. "तुम्हाला त्रास नाही, पण तुमच्या हातून ते जेवणात उतरतात. औषधानं जातील. तोवर कुणासाठी रांधू नका."

"आणि ज्यांनी आधीच खाल्लंय ते?"

"लक्ष ठेवा. ताप यायला कधीकधी पंधरवडाही लागतो."

द्रौपदाबाईंनी धापा टाकतच घर गाठलं. "आजी, भात!" म्हणत छोटी नात बिलगायला धावली, तशा त्या दचकून मागे सरल्या.

"सूनबाई, आधी हिचं कपाळ बघ!" त्यांचा आवाज चिरकला.

सुनेनं हात लावला. "गार आहे की, आई. काय झालं?"

द्रौपदाबाईंचा जीव काही भांड्यात पडला नाही. उष्टावणापासून ही पोर फक्त त्यांच्याच हातानं जेवत आली होती.