तिसरा नमुना

मालकाने स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच खरं तर टकळीकाकूच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. बारा वर्षं ती या शिलाईच्या कारखान्यात कॉलर लावत होती. सुई मोडली तर सगळे तुकडे जुळवून दाखवल्याशिवाय नवी सुई हातावर न ठेवणारा हा माणूस. पण आज तो गोड बोलत होता, आणि गोड बोलणं कुणाला कडू लागतं?

कापड कापायच्या लांब टेबलावर विक्रेत्याने तीन डबे उघडून ठेवले होते. प्रत्येकात बोटभर प्लेअर आणि त्याचे इअरफोन. दिवसभर मशिनींची घरघर ऐकून बायकांचे कान किटतात, म्हणून बाराही जणींना गाणी ऐकायला हे द्यायचं मालकाने ठरवलं होतं. पसंती मात्र टकळीकाकूची.

"तुमचा शब्द इथं कोण मोडतं, बाई?" तो म्हणाला, आणि काकू फुलून गेली.

शब्द कोणी मोडत नव्हतं, हे खरंच. तिच्या तोंडाची टकळी सकाळी सुरू व्हायची ती थेट सुटेपर्यंत. कुणाच्या सासूचं दुखणं, कुणाच्या नवऱ्याचे प्रताप, सगळं ती शर्टांबरोबर पुढे सरकवायची. मागच्याच महिन्यात शर्टांना काजं करणाऱ्या काजवालीला अर्धा तास उशीर झाला होता. पोराला ताप होता तिच्या. मालकाने तिला दारातूनच परत पाठवलं. काकू शेजारणीला बोलली, शेजारीण पुढचीला, आणि पाच मिनिटांत अकराही जणींचे पाय पेडलवरून उचलले गेले. मालकाने हसत हसत काजवालीला परत बसवलं. विषय संपला, असं सगळ्यांना वाटलं.

इअरफोन पारखायची युक्ती काकूनेच काढली. मशिनी चालू ठेवायच्या आणि काजवालीने मागून हाक मारायची. पहिल्या नमुन्यात हाक स्वच्छ ऐकू आली. काकूने नाक मुरडलं. दुसऱ्यात डास गुणगुणल्यासारखी आली. तिसऱ्याला रबरी बोंडं होती. ती कानात दाबून बसवली आणि मशिनी गेल्या, पंखे गेले, नुसतं गाणं उरलं. काजवालीने एकदा हाक मारली, दोनदा मारली, तिसरी तर बेंबीच्या देठापासून. काकू आपली मान डोलावत बसलेली. सगळ्या जणी पोट धरधरून हसल्या.

"हाच," काकू म्हणाली, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने.

हा तिन्हींत महाग आहे, असं विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मालकाने हूं की चूं केलं नाही. बाईंची पसंती म्हणजे पसंती, म्हणाला. काकूने घरी जाऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं, की आमच्या मालकाला माणसाची पारख आहे.

पहिले दोन दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोला. तिसऱ्या दिवशी काकूजवळ एक चांगली चुरचुरीत बातमी होती. सांगायला वळली, तर शेजारीण डोळे अर्धे मिटून आपल्याच नादात. दुपारी सांगू म्हणाली. दुपारीही सगळ्यांच्या कानात बोंडं. मग काकूनेही आपली बोंडं कानात घातली. बातमी पोटातच शिळी झाली.

आठव्या दिवशी कॉलर लावलेल्या शर्टांचा गठ्ठा द्यायला ती मागे वळली, तर आधीचा गठ्ठा तसाच पडलेला. काजांच्या मशीनवर झाकण. स्टूल रिकामं. मशीनशेजारी प्लेअर, त्याची वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

काकूने बोंडं उपसली आणि ती कोपऱ्यातल्या इस्त्रीवाल्याकडे गेली. त्याला प्लेअर मिळाला नव्हता. तो कधी कुणाशी बोलतच नसे, त्याला कशाला देतील?

"काढलं तिला," तो हात न थांबवता म्हणाला. पोराचा ताप उलटला होता, आज पुन्हा उशीर झाला. मालक तिच्यापाशी येऊन हळू आवाजात काय ते बोलला, आणि ती पिशवी उचलेपर्यंत तिच्या आणि बाकीच्या बायकांच्या मध्ये उभा राहिला.

"आणि ती काहीच बोलली नाही?"

"बोलली की. तुम्हाला हाक मारली, तीनदा. तुम्ही मान डोलावत होता, मला वाटलं ऐकलंत."

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकावरची गेली आणि स्वतःवरची त्याहून जास्त. पोरगी अजून फाटकापर्यंतही पोचली नसेल. पाच मिनिटं, पाचच मिनिटं हवी होती.

"अगं बायांनो, पाय उचला!" ती ओरडली. दहा माना खालीच. दहा मशिनी घरघरत राहिल्या. काचेच्या केबिनमधून मालकाने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

काकूने शेजारणीचा खांदा गदागदा हलवला आणि तिच्या एका कानातलं बोंड ओढून काढलं. काजवालीला काढलं, म्हणाली, मशीन बंद कर आणि पुढचीला सांग.

"अगंबाई," शेजारीण म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तिने केबिनकडे पाहिलं, मग पुढच्या मशीनकडे पाहिलं. पाय पेडलवरच होता.

"एवढं गाणं संपू दे, काकू," ती म्हणाली आणि काकूच्या हातातलं बोंड घेऊन पुन्हा कानात बसवलं.