घरामागचा वाफा

शानतुंगमधल्या आमच्या गावात मोठ्या शेतातला कोबी जहाजानं परदेशी जातो. त्यावर औषध फवारतात. घरामागच्या वाफ्यातला आम्ही खातो. त्यावर थेंबही नाही.

माझ्या बायकोला, युनशीला, सातवा महिना लागला, तशी ती शहरातल्या भाजीला हात लावेना. मी वाफ्यातल्या कोबीसाठी गावी आईला फोन केला. खोकं आलं. आठवडाभर युनशी कोबीचं सूप प्यायली.

"आई, कोबी फार गोड होता हं," ती फोनवर म्हणाली.

"असणारच, सूनबाई!" आई खुलली. "वाफ्यातल्या गड्ड्यांना किडीनं भोकंच भोकं पाडलेली. तुझे आईवडील आलेत ना तिकडे? त्यांच्यासमोर माझं नाक कापून घेऊ?"

आई पुढं म्हणाली,

"मोठ्या शेतातले तुकतुकीत बघून पाठवले."