आपणहून

शार्दूल पावसाळाभर दवाखान्यात होता. शेजारचे काका त्याच्या पाळीव अजगरापुढे पाणी ठेवून जात, पण त्याला खायला घालायला कुणी धजावलं नाही. शार्दूलचं तेरावं झाल्यावर त्याच्या बहिणीने, केतकीने, काचेची पेटी उघडली. अजगराची कातडी लोंबत होती आणि पाठीचा कणा वर आला होता.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करू, पण फार आशा धरू नका."

जन्मभर सापांना भ्यालेली केतकी त्याला रोज कोमट पाण्यात ठेवू लागली. नळीने पातळ खाद्य ती त्याच्या पोटात सोडी. भाऊ वाचला नाही, निदान हा तरी वाचावा, एवढंच तिच्या मनात असे. आई उंबऱ्याशी येई, बघे आणि परत जाई.

एका दुपारी केतकीने चिमट्यात मेलेला उंदीर धरला. अजगराने बराच वेळ नुसती जीभ हलवली. मग एकदम झडप घातली आणि सावकाश सगळा उंदीर गिळला.

"आई, लवकर ये! याने आपणहून खाल्लं!" केतकीला रडू फुटलं. "आता हा जगेल गं!"

आई आली. तिने केतकीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती अजगराच्या फुगलेल्या पोटाकडे बघत राहिली.

"जगेल की," ती म्हणाली. "त्याला कुठे ठाऊक आहे, शार्दूल गेला ते."

मग हात काढून घेऊन ती बाहेर गेली.