महालक्ष्मीचं पोट

गौरीच्या सणाला बसवायच्या महालक्ष्म्यांची जुनी पत्र्याची धडं गंजली, म्हणून अकोल्याच्या घरी मी कागदाच्या लगद्याची नवी घडवली. कला महाविद्यालयात मूर्तिकाम शिकले होते तशीच, मुठीत मावेल अशा कंबरेची. सासूबाईंनी आत हात घालून पाहिला. "अवं प्रणाली, हिच्या पोटात नेमाचे गहू कुठं भरू?" "आई, मूर्ती अशीच सुंदर दिसते." "दोन लेकरं मांडतो ना तिच्यापुढं? मंग हे पोट लेकुरवाळीचं हाय का?" बाळंतपणापासून मी पोटावर ओढणी धरून वावरत होते. त्यांनी ती हळूच बाजूला केली. "असं कर." त्या गेल्यावर मी दोन्ही धडांच्या कंबरा कापल्या, एक हात स्वतःच्या सैल पोटावर ठेवला, दुसऱ्यानं ओला लगदा थापला. महालक्ष्म्या बसल्या तेव्हा प्रत्येकीच्या पोटात पायलीभर गहू मावले. साडी नेसवायला आलेल्या जाऊबाई हसल्या, "कोनाचं माप घेतलं वं?" मी ओढणी खुंटीला अडकवली. "माझं."